त्याच्या कालवडी कशा निंगाल्या?

आमचा कुत्रा राजा चौदा महिन्यांचा होता तेव्हा एक दिवस सकाळी त्याला उठताच येईना. पुढचे पाय रोवून अंग उचलायचा आणि मागून परत बसायचा. त्याआधी चार-पाच महिने तो सशासारखा दोन्ही मागचे पाय एकदम उचलून पळायचा, आणि आम्ही सगळे, माझी मुलगी तर फारच, त्याच्या त्या पळण्यावर खूश होतो. ते दुखणं होतं, हे आम्हाला कळलं नाही.

२०१३ मध्ये शहरातल्या एका दुकानातून आठ हजार रुपयांना आणलेलं ते लॅब्राडॉरचं पिल्लू. दुकानदाराने वंशावळीचा कागदही दिला होता. एक्स-रे काढल्यावर डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, "खुब्याचा उखळीचा सांधा असतो. मुसळ उखळात बसायला पाहिजे ना, इथे उखळच उथळ आहे. मुसळ बाहेर घसरतं आणि दर पावलाला हाड हाडावर घासतं." हिप डिस्प्लेशिया हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पुढची दोन-अडीच वर्षं पोटाखालून पंचा घालून आम्ही राजाला अंगणात न्यायचो, आणायचो. वेदनाशामक गोळ्यांनी त्याचं पोट बिघडलं, मग मूत्रपिंडं गेली. २०१६ च्या पावसाळ्यात डॉक्टरांनी घरी येऊन त्याला शांत केलं. संत्र्याच्या बागेत, विहिरीकडच्या ओळीच्या शेवटी त्याला पुरलं.

तो वंशावळीचा कागद मी नंतर नीट वाचला. त्यात खोटं काही नव्हतं. पण बापाच्या बाजूला आजोबा म्हणून जे नाव होतं, तेच आईच्या बाजूलाही आजोबा म्हणून होतं. राजाचे आईबाप सावत्र बहीणभाऊ होते. चार पिढ्यांची नावं होती, किताब होते, रंग होते. यातल्या एकाही कुत्र्याचे खुबे कसे होते, डोळे कसे होते, कोण किती वर्षं जगलं, यातलं एक अक्षर नव्हतं.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, कारंजा घाडगे तालुक्यात. हा गौळाऊ गाईंचा मुलूख, हेटीकुंडीचं गौळाऊ पैदास केंद्र आमच्याच भागात. बाबांनी जन्मभर गौळाऊ राखली. वळू बघायला गेले की ते त्याच्या वशिंडाकडे, शिंगांकडे एकदा बघत आणि मग मालकाला एकच विचारत, "त्याच्या कालवडी कशा निंगाल्या?" वळूचं स्वतःचं दूध काही निघत नाही. त्याच्या पोटी झालेल्या कालवडी व्याल्यावर किती दूध देतात, यावरून त्याची किंमत. राजाचा कागद मी बाबांना वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "यात तं नुसते नावंच हायेत. पोरंसोरं कसे निंगाले, ते कोठी लिवलं हाय?"

पुढची आठ वर्षं मी जे केलं ते या प्रश्नामुळे.

सोनी आमच्याकडे २०१८ च्या डिसेंबरात आली. नागपूरच्या एका घरातून, नऊ आठवड्यांची, तिची आई समोर बघून. आईचे एक्स-रे त्यांच्याकडेही नव्हते, पण ती आठ वर्षांची होऊन गेली होती आणि जिना चढत होती. घरी आणतानाच ठरवलं होतं की हिची पिल्लं घ्यायची तर आधी सगळ्या तपासण्या करायच्या, आणि एकीत जरी मोठी खोट निघाली तरी विषय तिथेच संपवायचा.

खुब्याचा एक्स-रे किती वयात काढायचा, यावर देशोदेशी वेगळे नियम आहेत. युरोपात बहुतेक ठिकाणी आणि ब्रिटनमध्ये बारा महिन्यांनंतर चालतो. अमेरिकेतली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्स, म्हणजे ओएफए, ही १९६६ साली निघालेली संस्था, चोवीस महिन्यांच्या आधी पक्कं प्रमाणपत्र देत नाही. ती जगातल्या कुठल्याही देशातून पाठवलेली फिल्म तपासते, तीन तज्ज्ञ ती स्वतंत्रपणे वाचतात आणि मग निकाल लागतो. म्हणून मी ओएफए निवडली आणि सोनीला दोन वर्षं पूर्ण व्हायची वाट बघितली.

पहिला एक्स-रे वाया गेला. जवळच्या शहरातल्या एका दवाखान्यात भूल न देताच काढला. दोन मुलांनी तिचे पाय धरून ओढले, सोनी घाबरून पिळवटली. फिल्मवर कंबर तिरकी आली. ओटीपोटाच्या हाडात डावीउजवीकडे जी दोन भोकं दिसतात ती सारखी दिसायला हवीत, इथे एक मोठं आणि एक बारीक. शिवाय कुत्रीचं नाव फक्त पाकिटावर पेनाने लिहिलेलं, फिल्मवर काहीच नाही. अशी फिल्म कोणाचीही म्हणून खपवता येते, त्यामुळे कोणी ती तपासायलाही घेत नाही.

दुसऱ्यांदा नागपूर गाठलं. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, २०२० च्या डिसेंबरात. पहाटे पाचला निघालो, सोनी आदल्या रात्रीपासून उपाशी. कोंढाळीपर्यंत धुकं इतकं होतं की पुढच्या ट्रकचे दिवे तेवढे दिसत होते. तिथे आधी स्कॅनर तिच्या मानेवरून फिरवला. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप असते, तिचा पंधरा आकडी क्रमांक स्कॅनरवर उमटला आणि तोच एक्स-रेच्या पाटीवर टाकला. मग भुलीचं इंजेक्शन. अंग सैल पडल्यावर तिला उताणं निजवलं, मागचे दोन्ही पाय सरळ, समांतर ओढून घेतले आणि गुडघे किंचित आत वळवले, म्हणजे गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या बरोबर मधोमध येते. तिची जीभ एका बाजूला लोंबत होती. मी दाराबाहेर काचेतून बघत होतो.

पडद्यावर चित्र आलं आणि मला न सांगता कळलं की हे राजाच्या चित्रासारखं नाही. मुसळाचं डोकं गोल होतं, उखळ त्याला वरून धरून होतं. डॉक्टरांनी दोन्ही डोक्यांचे मध्य जोडणारी रेघ ओढली, तिथून उखळाच्या काठापर्यंत दुसरी. या दोन रेघांमधला कोन एकशे पाच अंश किंवा जास्त असला की सांधा चांगला खोल बसला समजायचं. सोनीचा उजवीकडे १०६ होता, डावीकडे १०३. डॉक्टर म्हणाले, "बरी आहे. फार छान म्हणणार नाही, पण बरी आहे."

ओएफएच्या अर्जात एक चौकट आहे. निकाल चांगला आला तर तो सगळ्यांना दिसतोच. वाईट आला तरी तो खुला करायला मालक तयार असेल, तर त्याने त्या चौकटीत आद्याक्षरं टाकायची. मी टाकली. तीन आठवड्यांनी निकाल आला, 'फेअर'. ओएफएच्या सात पायऱ्यांमध्ये ही वरून तिसरी, पास होणाऱ्यांत शेवटची. म्हणजे पैदाशीला चालेल, पण नर तिच्याहून चांगल्या खुब्याचा हवा.

डीएनए तपासणी त्या मानाने सोपी. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि पाठवायची. अवघड भाग हा की तपासायचं काय. एक एजंट मला शंभराहून जास्त आजारांची यादी असलेलं पॅकेज विकत होता. त्यातले बहुतेक आजार लॅब्राडॉरमध्ये कोणी बघितलेलेही नाहीत. इथे मला पहिल्यांदा इंटरनॅशनल पार्टनरशिप फॉर डॉग्स या संस्थेच्या कामाचा उपयोग झाला. २०१२ मध्ये स्वीडिश केनेल क्लबने, म्हणजे तिथल्या कुत्र्यांच्या वंशावळी नोंदवणाऱ्या संस्थेने, स्टॉकहोमला वेगवेगळ्या देशांचे क्लब, पशुवैद्य आणि संशोधक एकत्र बसवले होते. प्रत्येक देश तेच आजार, त्याच जाती घेऊन एकटाच झगडतो आहे, हे तिथे सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि २०१४ मध्ये ही संस्था उभी राहिली. पुढच्या बैठका डॉर्टमुंड, पॅरिस, विंडसर अशा झाल्या. तिने एक सूची तयार केली. कुठली प्रयोगशाळा कुठली तपासणी करते, तिच्या कामाची प्रत कशी राखली जाते, आणि ती तपासणी त्या जातीला खरोखर लागू आहे की नाही. ती सूची बघून मी पॅकेज सोडलं आणि मोजक्या तपासण्या केल्या.

त्यात सोनी डोळ्यांच्या आनुवंशिक आंधळेपणाला मुक्त निघाली. पण ईआयसी नावाच्या दोषाची वाहक निघाली. या आजारात कुत्रं जोरात पळाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मागच्या पायांतून लुळं पडतं, आणि उन्हाळ्यात तर जिवावरही बेतू शकतं. प्रत्येक पिल्लाला या जनुकाची एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून. दोन्ही खराब मिळाल्या तर आजार, एकच खराब असेल तर तो वाहक, स्वतः धडधाकट. वाहकाला वाहक जोडला तर सरासरी चारातलं एक पिल्लू आजारी. वाहकाला मुक्त जोडला तर एकही नाही. वाहक निघाली म्हणून चांगल्या कुत्रीला पैदाशीतून काढून टाकायचीही गरज नाही, आणि काढू नये असंच जाणकार सांगतात. प्रत्येक दोषासाठी असं बाद करत गेलं तर जातीत उरतातच किती? मग त्याच त्या चार नरांकडे सगळे जातात आणि राजाच्या कागदावरचं दुहेरी नाव परत परत उगवतं.

तर मला नर हवा होता तो ईआयसीमुक्त, सोनीपेक्षा सरस खुब्याचा आणि तिच्याशी नात्यात नसलेला.

पहिला नर मला सगळ्यांनी सुचवला. शोमध्ये गाजलेला, किताबांची रांग. मालकांना फोन केला, एक्स-रेचा निकाल मागितला. ते म्हणाले, "रिंगमध्ये पळताना बघा की, अजून काय पाहिजे?" मी परत विचारलं. त्यांनी फोन ठेवला. त्या माणसाने काही लपवलं असेल असं मी म्हणत नाही, कदाचित त्यांनी कधी फिल्म काढलीच नसेल. पण राजाही चौदा महिन्यांपर्यंत पळतच होता.

दुसरा नर हैदराबादला सापडला. फिनलंडमध्ये २०१६ साली जन्मलेला, तिथे एक वेत देऊन तीन वर्षांचा असताना इकडे आलेला. मालकांनी मागण्याआधीच सगळे कागद पाठवले. आणि ते कागद मला वाचता येईनात.

नराच्या नावापुढे खुबे 'ए/बी', कोपर '०/०'. त्याची आई ब्रिटनमध्ये जन्मलेली, तिच्या नावापुढे '५:४'. बापाचा बाप अमेरिकन, त्याच्यापुढे 'गुड'. एकाच सांध्याची तीन देशांनी तीन लिप्यांत केलेली नोंद. याचं मूळ क्लबांच्या इतिहासात आहे. ब्रिटनचा केनेल क्लब १८७३ चा, जगातला सगळ्यांत जुना. अमेरिकेचा १८८४ चा. एफसीआय हा देशोदेशीच्या क्लबांचा महासंघ १९११ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम, नेदरलँड्स आणि फ्रान्स या पाच देशांनी काढला. ब्रिटन आणि अमेरिका आजही त्यात सदस्य म्हणून नाहीत, पण एकमेकांच्या वंशावळी मानतात. तपासणीच्या पद्धती मात्र ज्याच्या त्याच्या राहिल्या. एफसीआयच्या देशांत प्रत्येक खुब्याला ए ते ई अशी अक्षरं, त्यात ए म्हणजे निर्दोष, सीपासून पुढे दोष. कोपराला शून्य म्हणजे निर्दोष. ब्रिटनमध्ये प्रत्येक खुब्याला शून्य ते त्रेपन्न गुण, दोन्ही मिळून एकशे सहा, आणि जितके कमी तितकं चांगलं. मी आधी '५:४' म्हणजे शंभरापैकी नऊ, म्हणजे नापास, असं वाचलं होतं. ते चांगले गुण निघाले. या तिन्ही पद्धती शेजारी मांडणारे तक्ते आता मिळतात. ते तंतोतंत जुळत नाहीत, जुळणारही नाहीत, पण आमच्या गावात बसून तीन देशांचे निकाल एका रांगेत लावता आले ते त्या तक्त्यांमुळे.

मग मी बाबांचा प्रश्न विचारायला बसलो.

फिनलंडच्या केनेल क्लबने आपली सगळी नोंद खुली ठेवली आहे. नोंदणी क्रमांक टाकला की कुत्रा दिसतो, त्याची भावंडं दिसतात, पिल्लं दिसतात, आणि प्रत्येकापुढे खुबे, कोपर, डोळे. अधिकृत एक्स-रे काढला की निकाल चांगला असो वा वाईट, नोंदीत जातो, मालकाला विचारायचा प्रश्न येत नाही. स्वीडनमध्येही असंच आहे. ब्रिटनच्या क्लबने २०१४ पासून यापुढची पायरी घेतली. कुत्र्याचा स्वतःचा निकाल, आईबापांचा, भावंडांचा, पिल्लांचा, असं सगळं एकत्र करून त्याच्या रक्ताचा अंदाज एका आकड्यात देतात. दुधाळ जनावरांत वळूची निवड याच हिशेबाने होते.

हैदराबादच्या नराची आठ भावंडं होती. सहांच्या फिल्म निघाल्या होत्या. चार ए, एक बी, एक सी. त्याच्या फिनलंडमधल्या वेतातल्या सात पिल्लांपैकी पाचांचे निकाल होते, त्यात तीन ए, दोन बी. मी बाबांना वाचून दाखवलं. ते ओट्यावर बसून अंबाडीची दोरी वळत होते. म्हणाले, "अन् तो सीवाला? तो बी लिवला हाय?" मी म्हटलं, "हो, तोही लिहिला आहे." "मंग हा मानूस खरा हाय," बाबा म्हणाले. मी सांगितलं की हे माणसाने लिहिलेलं नाही, क्लबचा नियम आहे. "मंग क्लब खरा हाय. जाय घेऊन."

बाबांचं ते बोलणं मला फार पटलं. त्या 'सी'मुळेच माझा बाकीच्या चार 'ए'वर विश्वास बसला. सगळीकडे 'ए'च असता तर मी बिचकलो असतो.

सोनी २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीस माजावर आली. सोयाबीन नुकतंच घरात आलं होतं, कापूस फुटायला लागला होता. रक्ताची तपासणी करून दिवस ठरवला, आणि वर्धा, हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद करत रात्रभर गाडी चालवून हैदराबादला गेलो. दोन दिवस राहून परत आलो. केनेल क्लब ऑफ इंडियाचे फॉर्म, नराच्या मालकांची सही, दोघांच्या चिपचे क्रमांक, हे सगळं तिथेच पुरं केलं. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडचा अर्ज आधीच भरला होता. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनी तो लागतो. त्याच नियमांनुसार दीड वर्षाच्या आत कुत्रीचं वेत घेता येत नाही, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. राजा दुकानातून पाच आठवड्यांचा आला होता.

२ जानेवारीच्या पहाटे सोनी व्याली. मार्गशीर्ष अखेरची थंडी, गोठ्याशेजारच्या खोलीत पिवळा दिवा लावून मी आणि मुलगी बसलो होतो. सात पिल्लं झाली. पाचवं हललं नाही. मुलीने ते टॉवेलात घेऊन बराच वेळ चोळलं, तोंडातलं पाणी काढलं, पण त्याने श्वास घेतला नाही. सोनी त्याला चाटत राहिली आणि मग सहावं आलं तशी तिकडे वळली. सहा जगली.

पिल्लं मागायला खूप जण आले. मी प्रत्येकाला दोन गोष्टी लिहून घेतल्या. एक, दोन वर्षांचं झालं की एक्स-रे काढायचा, अर्धा खर्च माझा. दोन, कुत्रं लठ्ठ होऊ द्यायचं नाही. खुबे नुसते रक्तावर ठरत नाहीत. खाणं, वजन, गुळगुळीत फरशी यांचाही मोठा वाटा आहे. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्राडॉरवर जन्मभर चाललेला एक अभ्यास आहे. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिश्शाने कमी खायला दिलं. कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा झिजले. आपल्याकडे कुत्र्यावर माया म्हणजे पोळी, दूध, बिस्किटं. हे सांगताना मला दर वेळी थोडं कठोर व्हावं लागलं.

एका चुलतभावाला लॅब नको होता, पग हवा होता. मला म्हणाला, तुझ्या ओळखी आहेत, आणून दे. मी नाही म्हटलं आणि त्याला बसवून सांगितलं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. ज्याचं नाकच चेपलेलं आहे, घशात मऊ मांस दाटलेलं आहे, ते धाप तरी कशी टाकणार? केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१९ मध्ये पग, फ्रेंच बुलडॉग आणि बुलडॉगसाठी श्वासाची एक तपासणी सुरू केली. डॉक्टर आधी स्टेथोस्कोप लावून ऐकतात, मग कुत्र्याला तीन मिनिटं भरभर चालवतात, परत ऐकतात आणि शून्य ते तीन श्रेणी देतात. ती तपासणी आता इतर देशांचे क्लबही वापरतात. आपल्याकडे ती जिल्ह्याजिल्ह्याला पोहोचेपर्यंत तरी विदर्भात पग आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. क्लबांनी आपणहून हे केलं नाही तर न्यायालयं करतात. नॉर्वेत प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने तिथल्या केनेल क्लबवरच खटला भरला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेलियर स्पॅनियल जातीची पैदास बेकायदा ठरवली. चुलतभावाने पुढे गावातलंच एक पिल्लू पाळलं. ते दुपारभर निंबाखाली झोपतं आणि रात्रभर रानडुकरांमागे असतं.

दोन वर्षं गेली. २०२४ च्या जानेवारीपासून मी एकेकाला फोन सुरू केले. सहांपैकी एक चांदणी आमच्याकडेच होती. एक कुटुंब पुण्याला गेलं आणि त्यांनी फोन घेणं बंद केलं. एकाने स्पष्ट सांगितलं, कुत्रं छान आहे, भूल द्यायची भीती वाटते. मला वाईट वाटलं, पण भीती खोटी नव्हती. चौघांच्या फिल्म निघाल्या. चांदणी 'गुड', तिचे दोन भाऊ, एक 'गुड' आणि एक 'फेअर'.

चौथी आर्वीच्या एका गुरुजींकडे होती. फेब्रुवारीत आम्ही तिला घेऊन नागपूरला गेलो. पडद्यावर चित्र आलं आणि गुरुजींच्या आधी मला दिसलं. डावीकडचं उखळ उथळ होतं. राजाइतकं नाही, त्याच्या जवळपासही नाही, पण उथळ. डॉक्टर म्हणाले, वजन आटोक्यात ठेवा, उड्या मारू देऊ नका, पिल्लं घेऊ नका, ती आरामात जगेल.

बाहेर बाकावर बसून आम्ही अर्ज भरला. गुरुजींचं अक्षर फार सुंदर, फळ्यावरचं असतं तसं. नाव, चिपचा क्रमांक, जन्मतारीख, आईचा नोंदणी क्रमांक, बापाचा. सगळं झालं आणि त्या चौकटीपाशी त्यांचा पेन थांबला.

"हे कायचं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"म्हंजे नापास झाली तं साऱ्या जगाले दिसीन?"

"हो."

"आन् तुमच्या सोनीचं बी नाव खराब होईन ना? उद्या तुमच्याकडं पिल्लू मागाले कोन येईन?"

कुत्री आमच्या पायांशी पडली होती, भूल अजून पुरती उतरली नव्हती. मध्येच डोकं उचलायची आणि गुरुजींच्या चपलेवर परत टेकवायची. मी गुरुजींना राजाचं सांगितलं. पंच्याचं, विहिरीकडच्या ओळीचं, त्या कागदाचं, ज्यावर नावं होती आणि दुसरं काहीच नव्हतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चौकटीत बारीक, वळणदार दोन अक्षरं टाकली आणि अर्ज माझ्याकडे दिला.

मार्चमध्ये निकाल आला, 'माइल्ड'. त्याच दिवशी मी हैदराबादला कळवलं. नराच्या मालकांनी लिहिलं की पुढची कुत्री येईल तिच्या मालकाला हे आधी सांगीन. आता सोनीचा क्रमांक टाकला की तिच्याखाली चार पिल्लांची रांग येते, आणि त्यात गुरुजींची तीही आहे. संध्याकाळी ती रांग मी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी चौघांची नावं एकेक करून परत म्हणायला लावली.